सोफा, स्वहस्ते

६ जानेवारी, सोमवार

ही डायरी निरोप समारंभात शालीच्या घडीत मिळाली. शाल कपाटात गेली, नारळाच्या वड्या झाल्या, डायरी उरली. चौतीस वर्षे मी इतरांच्या टिपणीवर शेरे मारले. आता स्वतःची टिपणी लिहून पाहतो.

सेवानिवृत्त होऊन आज सहा दिवस झाले. घरात बसायला लागल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की घरात बसायला जागाच नाही. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर मधोमध बसले की माणूस खाली जातो आणि दोन्ही बाजूंचे लोक त्याच्या अंगावर कलंडतात. काल कार्यालयातले तिघे भेटायला आले होते. तिघेही उठताना एकमेकांची माफी मागत उठले.

अंजना म्हणाली, "उचगावात जोतीराम म्हणून आहेत. सोफ्याचं काम चांगलं करतात." आणि लगेच फोन लावला. नंबर तिच्या मोबाइलमध्ये होता. बायका कुणाकुणाचे नंबर ठेवतात, कमाल आहे.

जोतीराम तासाभरात आला. चप्पल काढली, सरळ स्वयंपाकघरात गेला, माठातले पाणी स्वतःच घेऊन प्याला. खेड्यातल्या माणसांचा हा मोकळेपणा मला आवडतो. मग त्याने सोफा एका हाताने उलटा केला आणि त्याच्या पोटावर थाप मारली. लाल भुकटी पडली.

"चौकट सागवानी हाय सायेब. नातवंडं बसतील हिच्यावर. पर आतल्या काथ्याचा भुगा झालाय आन् बैठकीखालचं पट्टं गेल्यात. समदं उघडायचं, पट्टं नवं, फोम नवा, कापड नवं. लग्नसराई हाय, म्हैना लागंल की."

महिना! मी कालच मोबाइलवर एका परदेशी बाईला अकरा मिनिटांत अख्खा सोफा नवा करताना पाहिले. तीही हसत हसत, आणि पांढऱ्या पोशाखात. मी उभा राहिलो आणि सांगितले, "आम्ही स्वतः करू."

जोतीरामने अंजनाकडे पाहिले. अंजनाने फरशीकडे पाहिले.

"करा की," तो म्हणाला. "आडलं तर घरातच..." आणि त्याला एकदम खोकला आला.

तो गेल्यावर अंजना एवढेच म्हणाली, "पट्ट्याला लांब पिना लागतात. कापडाच्या पिनांनी पट्टा धरत न्हाई." असले काहीबाही तिने कुठे ऐकले कोण जाणे. मी हसून सोडून दिले.

८ जानेवारी, बुधवार

नस्ती उघडली. विषय : दिवाणखान्यातील सोफ्याचे नूतनीकरण, स्वहस्ते. पहिल्या पानावर वेळापत्रक, दुसऱ्यावर साहित्याची यादी, तिसऱ्यावर जबाबदाऱ्यांचे वाटप. नियोजन, आराखडा, खरेदी, देखरेख : श्री. बाबासो मगदूम. किरकोळ : सौ. अंजना.

घरी असल्यामुळे एक गोष्ट नव्याने कळली. अंजना रोज दुपारी साडेबारा ते पाच मंदिरात स्वाध्यायाला जाते. रविवार सोडून. धर्मालाही साप्ताहिक सुट्टी असते हे मला ठाऊक नव्हते. परत येते तेव्हा पदराला कापसाचे तंतू चिकटलेले असतात. वाती वळत असणार. इतकी श्रद्धा आमच्या घराण्यात माझ्या आईनंतर मी पाहिली नाही.

अशा सत्प्रवृत्त बाईलाही ९८ साली एकदा लोकांची शिवणकामे घ्यायची लहर आली होती. मी तेव्हा नुकताच वरिष्ठ लिपिक झालो होतो. मगदुमांच्या सुनेने लोकांच्या खोळी शिवणे प्रतिष्ठेच्या दृष्टीने कसे योग्य नाही, हे मी तिला शांतपणे समजावून सांगितले. तिला ते लगेच पटले. त्यानंतर तो विषय तिने कधी काढला नाही. संसार असा समजुतीने चालतो.

११ जानेवारी, शनिवार

सोफा उघडायला घेतला. व्हिडिओतल्या बाईने कापड धरून ओढले की ते केळ्याच्या सालीसारखे सुटत होते. आमच्या सोफ्याला पिना आहेत. एका हाताच्या टेकणात एकशे बारा. प्रत्येक पिनेखाली पेचकस घालायचा, उचकायची, पकडीने ओढायची. तेराव्या पिनेला अंगठ्यात पेचकस गेला.

अंगठ्याला पट्टी बांधून अंजना स्वाध्यायाला गेली. पाचला आली, चहा टाकला आणि चहा उकळेपर्यंत उरलेले टेकण सोलून ठेवले. मी विचारले, हे इतके पटकन कसे? म्हणाली, "तुम्ही आधीच ढिल्या केल्या होत्या की."

तेही खरे आहे.

पुण्याहून आदितीचा फोन आला. पुण्याला नोकरीला लागल्यापासून माझी मुलगी "मी येते, मी जाते" म्हणते. तिची आई अजून कोल्हापूरच्या बायकांसारखी "मी येतो, मी जातो". आदितीला मी सोफ्याचे सांगितले तर ती इतकी हसली की फोन बंद करावा लागला. तरुण पिढीला श्रमाची किंमत नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

बाटलीच्या रंगाचे हिरवे वेलवेट आणले. खोलीभर पसरले, खडू घेतला, कात्री घेतली. एवढ्यात अंजना स्वाध्यायाला निघता निघता दारात थांबली आणि म्हणाली, "कापायच्या आधी लव बघा."

मी एकदम गोंधळलो. एकतीस वर्षांच्या संसारात ती असे कधी बोलली नव्हती. निवृत्तीने माणसे जवळ येतात असे कुठेतरी वाचले होते, पण इतक्या लवकर! मी तिच्याकडे प्रेमाने पाहिले. ती म्हणाली, "माझ्याकडं काय बघताय?" आणि गेली. लाजली असणार.

मग मोठ्या उत्साहात तुकडे कापले. कापड वाचावे म्हणून एक तुकडा उभा, एक आडवा, एक उलटा असे बसवले. अर्धा मीटर उरले. व्हिडिओतल्या बाईलाही हे सुचले नव्हते.

१७ जानेवारी, शुक्रवार

तुकडे सोफ्यावर मांडून पाहिले. एक बैठक गर्द हिरवी, दुसरी पोपटी, पाठ मधूनच चकाकते. कापड एकाच ताग्यातले. दुकानदाराने फसवले म्हणून त्याला फोन केला. तो म्हणाला, "सायेब, वेलवेटला लव असत्या. केसं म्हणा. एका बाजूनं हात फिरवला तर गर्द, दुसऱ्या बाजूनं फिकं. समदं तुकडं एकाच दिशेनं कापायचं असत्यात. लव बघितली न्हाई व्हय?"

मी फोन ठेवला. कालचे प्रेमाचे प्रकरण या डायरीतून खोडायचा विचार होता, पण कार्यालयीन अभिलेखात खाडाखोड करायची सवय नाही.

अंजनाला सांगितले की मी मुद्दाम दुरंगी रचना केली आहे. तिने तुकड्यांवर तळहात फिरवला. "छान आहे," म्हणाली. "पण डोळ्याला गरगरतंय." संध्याकाळी ती तसलेच नवे कापड घेऊन आली. ओळखीतून मिळाले म्हणाली.

२५ जानेवारी, शनिवार

सोफा पूर्ण!

मधले आठ दिवस पाठीत उसण भरल्यामुळे मी पलंगावरून देखरेख केली. आराखडा माझाच. अंजनाने फक्त कापड पुन्हा कापणे, पट्टे ताणून बसवणे, फोम घालणे, काठाची गोट शिवणे, कापड चढवणे आणि पिना मारणे एवढे केले. नस्तीत श्रमविभागणी नोंदवली : मी सत्तर टक्के, सौ. तीस.

बसून पाहिले. उठावेसे वाटेना. माझ्यात हे कसब चौतीस वर्षे दडून होते आणि मी आवक-जावक तपासत बसलो!

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनानंतर आमच्या सोसायटीचे चेअरमन हंबीरराव चहाला आले. पोलीस खात्यातून निवृत्त, आवाज अजून सेवेत. सोफ्यावर बसले, दोनदा उसळून पाहिले.

"आयला मगदूम! कुणी केला ह्यो?"

"स्वहस्ते," मी म्हणालो.

हंबीररावांनी अंजनाकडे पाहिले. "तुमी केला? का..."

"त्यांचा आराखडा," अंजना म्हणाली आणि आत गेली.

मग विषय निघाला सभागृहाचा. सोसायटीच्या नव्या सभागृहाचे उद्घाटन २३ फेब्रुवारीला आहे. माजी सभापती धैर्यशीलराव येणार. स्टेजवरचा जुना सोफा आणि वीस खुर्च्या यांची पार दुर्दशा झाली आहे. मी जागच्या जागी सांगितले, "सगळं मी करून देतो. श्रमदान."

स्वयंपाकघरात कपबशी पडल्याचा आवाज आला.

हंबीरराव गेल्यावर अंजनाने विचारले, "वीस?"

"आणि सोफा."

"लग्नसराईत?"

लग्नसराईचा आपल्याशी काय संबंध, हे मला कळले नाही. मी म्हणालो, "तू कशाला काळजी करतेस? मी आहे ना." यावर तिने जो चेहरा केला तो मी पूर्वी लेखापरीक्षकांचा पाहिला आहे.

१० फेब्रुवारी, सोमवार

बऱ्याच दिवसांत लिहिले नाही. अभिनंदने स्वीकारण्यात वेळ गेला. सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर हंबीररावांनी माझा फोटो टाकला. खाली एकोणतीस अंगठे आणि जोडलेले हात. बायकांनी मात्र हसून हसून डोळ्यात पाणी आलेली चित्रे टाकली. आनंदाश्रू.

खुर्च्या पार्किंगमध्ये आल्या आहेत. अंजनाने जेवताना सांगितले की शुक्रवारपासून चार दिवस पन्हाळ्याला स्वाध्यायाचे शिबिर आहे, जाणे भाग आहे. मी म्हणालो, अवश्य जा. मनात म्हटले, बरेच झाले. या वेळी शंभर टक्के काम माझे राहील.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल अंजना पन्हाळ्याला गेली. सोबत शिवणाच्या मशीनची पेटी नेली. शिबिरात मशीन कशाला, असे विचारले. "सेवा," म्हणाली.

आज नऊ खुर्च्या झाल्या. फोम कमी पडला, तेव्हा फ्रीजच्या खोक्यातले थर्माकोल वापरले. टाकाऊतून टिकाऊ. बसले की कुरकुर आवाज येतो, पण लोकांनी भाषण ऐकायचे आहे, खुर्ची नव्हे.

पट्ट्यांबाबत थोडी शंका होती, म्हणून जोतीरामला गाठायला उचगावला गेलो. कारखाना बंद. शेजारच्या पानपट्टीवाल्याला विचारले.

"जोतीरामा व्हय? पन्हाळ्याला गेलाय की पावणं. नव्या हाटेलाचं काम. पडदं, गाद्या, सोफं. समदं शिवान वैनींचं. त्याबी गेल्यात."

जोतीरामची भावजय असावी. परक्या गावी चार चार दिवस बाईला कामाला नेतात! आपल्या घरात अशी वेळ कधी आली नाही, याचे मला बरे वाटले. पण सगळे कोल्हापूर एकाच वेळी पन्हाळ्याला कसे गेले, याचे नवल वाटत राहिले.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अंजना काल परत आली. तीन बोटांना चिकटपट्ट्या, खांदा धरलेला. व्रतवैकल्यांचा अतिरेक करू नये, असे मी तिला समजावले. ती "व्हय" म्हणाली आणि झोपली.

आज पार्किंगमध्ये येऊन तिने एका खुर्चीवर तळहात दाबला. कुर्र झाले.

"थर्माकोल?"

"हवामानाला टिकतं."

ती स्टेजवरच्या सोफ्याकडे वळली. मी आडवा उभा राहिलो. "ह्याला हात लावायचा नाही. हा अथपासून इतिपर्यंत मी केलाय."

"पट्ट्याला पिना कुठल्या मारल्या?"

"पिना त्या पिना."

"अहो, एकदा उलटा करून बघू द्या..."

"अंजना," मी म्हणालो, "प्रत्येक गोष्टीत स्वयंपाकघरातून सूचना येऊ नयेत."

तिने पुन्हा एकदा सोफ्याकडे पाहिले. मग वर गेली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सोफ्याच्या पाठीवर लावायची पितळी पाटी आणायला सकाळीच गेलो. 'श्रमदान व संकल्पना : श्री. बाबासो मगदूम, सेवानिवृत्त अधीक्षक'. कोरणाऱ्याने 'सेवानिवृत्त'मधला एक काना गाळला होता, तो दुरुस्त करून घेण्यात पाच वाजले.

परत आलो तर पार्किंगमध्ये जोतीरामचा टेम्पो. "हिकडनंच चाललो हुतो," म्हणाला. हाताला फोमचे सोल्युशन लागलेले होते. खुर्च्यांवर बसून पाहिले. कुरकुर गेली होती आणि बैठका फुगल्या होत्या. दिवसभर उन्हात राहिल्याचा परिणाम. सोफ्याला कुणी हात लावलेला नव्हता, हे मुद्दाम तपासले.

पाटी चार स्क्रूंनी बसवली.

२३ फेब्रुवारी, रविवार

जे घडले ते क्रमाने लिहितो.

दहाला सभागृह भरले. वीस खुर्च्यांवर ज्येष्ठ मंडळी, मागे सतरंजीवर बाकीचे. स्टेजवर सोफ्यात मधोमध धैर्यशीलराव, त्यांच्या डावीकडे हंबीरराव, उजवीकडे मी. धैर्यशीलराव देहाने भारदस्त आहेत, हे आधी लक्षात घ्यायला हवे होते.

हंबीररावांनी प्रास्ताविकात माझा उल्लेख 'हाताला सोन्याचा गुण असलेला माणूस' असा केला. टाळ्या झाल्या. तेव्हाच कुठेतरी टक् असा बारीक आवाज आला. मी शेजारी पाहिले. धैर्यशीलराव किंचित बुटके वाटले.

दुसरा टक्. तिसरा. मग पापड तळताना येतो तसा सलग आवाज आला आणि माजी सभापती सोफ्यात गेले. पडले नाहीत, गेले. गुडघे हनुवटीला लागले, फेटा तेवढा वर राहिला. हंबीरराव डावीकडून त्यांच्या अंगावर आले, मी उजवीकडून.

"धरा! धरा की त्यास्नी!" हंबीरराव माझ्या खांद्याखालून ओरडले.

चौघांनी ओढले. निघेनात. त्यांच्या विजारीत कापडाची पिन अडकली होती. सभागृहात कुणी हसत नव्हते, आणि ते फार भयंकर होते. एवढ्यात सतरंजीवरून अंजना उठली. पायऱ्या चढून स्टेजवर आली, पिशवीतून पकड काढली (पिशवीत पकड होती!), सोफ्यामागे गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "साहेब, हलू नका. जोतीरामदादा, डावा पट्टा कापा."

जोतीराम कुठून आला मला माहीत नाही. दोन मिनिटांत धैर्यशीलराव बाहेर होते. त्यांनी फेटा सारखा केला आणि वळून बघितले. मी हात जोडून पुढे झालो.

पण ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"वैनी! तुमी हितं?" आणि ते माइकवर गेले. "मंडळी, ह्या मगदूम वैनी. आमच्या बंगल्यातलं समदं फर्निचर ह्यांनी शिवलंय. सहा वर्षं झाली, एक टाका उसवला न्हाई. पन्हाळ्यावरच्या नव्या हाटेलाचं कामबी ह्यांचंच. काल पाहून आलो. ह्या हितं ऱ्हात्यात व्हय? मग ह्यो सोफा दुसऱ्या कुणाला कशाला दिला?"

सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणालाच आश्चर्य वाटलेले दिसले नाही. हंबीररावांच्या सौ. मोठ्याने म्हणाल्या, "आमचे पडदे पण!"

धैर्यशीलराव खाली वाकून पितळी पाटी वाचत होते. शेवटपर्यंत वाचली. मग माझ्याकडे वळून विचारले, "तुमी वैनींचे कोण?"

मी सांगितले.

२४ फेब्रुवारी, सोमवार

लिहिण्यासारखे काही नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

अंजना साडेबाराला निघाली नाही. घेवड्याच्या शेंगा घेऊन समोर बसली. मी विचारले, "किती वर्षं?"

"आठ. पहिली दोन नुसत्या उशांच्या खोळी. मग जोतीरामदादांनी सोफ्यावर घेतलं."

"आणि स्वाध्याय?"

"मशीनवर णमोकार मंत्राचा जप चालूच असतो की."

"मला सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "अठ्ठ्याण्णव साली. तुम्ही पाऊण तास समजावलंत." शेंगेची शीर काढून तिने बाजूला ठेवली. "नंतर तुम्ही यायच्या आत मी घरी असायचो. तुम्ही विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. खोटं बोलायला लागलो ते तुम्ही रिटायर झाल्यावर. ते मात्र जड गेलं मला."

मला रागवायचे होते. राग येत होता, पण तो नेमका कशावर हे ठरेना. लोकांपुढे नाचक्की झाली त्यावर, की खोटे बोलण्यावर, की घरातला हिरवा सोफा इतका उत्तम झाला होता त्यावर?

"तू रविवारी आधीच सांगितलं असतंस, की पट्टे धरणार नाहीत..."

तिने पुढची शेंग उचलली.  ती तीनदा सांगून बसली होती. या डायरीतच लिहिलेले आहे. मागची पाने चाळून पाहिली. बरेच काही लिहिलेले आहे. लिहिताना मला ते दिसले कसे नाही, हे कळत नाही.

"आणि हा सोफा?" मी विचारले. "सत्तर टक्के..."

"तुमचाच की," अंजना म्हणाली. "आराखडा तुमचा."

ती हसत होती का, ते बघायला मी मान वर केली. ती शेंगांकडे बघत होती.

२ मार्च, रविवार

आदितीला फोन केला. तिला सगळे ठाऊक होते. म्हणाली, "बाबा, माझ्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचे पडदे आईने शिवले होते. तुम्ही पहिल्या रांगेत बसून म्हणालात, पडदे झकास आहेत."

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

ती म्हणाली, "तुम्ही घरी आल्यावर तुमच्या ऑफिसात काय झालं ते सांगायचात. रोज. आईनं दिवसभर काय केलं, हे कधी विचारलंत का?"

मी म्हणालो, विचारले असेल. ती म्हणाली, "आठवून बघा."

दुपारभर आठवून पाहिले.

नंतर राजारामपुरीत भाजी घ्यायला गेलो, तर भाजीवाल्याने ओळख दाखवली : "मगदूम वैनींचे मिस्टर न्हवं? त्यास्नी सांगा, दिवाणाचं कव्हर येक नंबर झालंय." मी तो निरोप घरी येऊन दिला. माझ्या हुद्द्याशिवाय माझी ओळख कुणी दिली, असे पहिल्यांदा झाले. पाटी सभागृहातून काढून आणली. चारही स्क्रू पक्के बसलेले निघाले. तेवढे एक काम मी बरे केले होते.

५ मार्च, बुधवार

गेले तीन दिवस अंजना उघडपणे कामावर जाते. साडेबारापासून पाचपर्यंत घर फार मोठे वाटते. आज ती निघताना मी स्कूटरची किल्ली घेतली. "केएमटीच्या बसला उभी कशाला राहतेस? सोडतो."

ती मागे बसली.

उचगावचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. आत तीन सोफे उघडे पडलेले, फोमचे थप्पे, कोपऱ्यात तिचे मशीन. मला वाटले होते, तिला सोडून परतावे. पण ती आत शिरली आणि तिची चालच बदलली. चष्मा लावला, पदर खोचला, ओठांत टाचण्या धरल्या आणि जोतीरामला म्हणाली, "ह्यो कोपरा कुणी ओढला? पुन्हा काढा." चार-चार कारागीर ठेवणारा जोतीराम मुकाट्याने पिना काढायला लागला. या बाईला मी घरी मिठाचा डबा कुठे आहे एवढेच विचारत आलो होतो.

मी दारातच उभा होतो. जोतीरामला माझी दया आली असावी. त्याने एक पाट सरकवला, पेचकस आणि पकड दिली. "बसा सायेब. ह्या खुर्चीचं जुनं कापड सोडवायचंय. अंगठा मागं ठिवा."

बसलो. तीन तास पिना काढल्या. पहिल्या तासात कुणी सायेब असल्यासारखा काढत होतो, नंतर नुसता काढत होतो. मान अवघडली. एक गोष्ट कळली : पिन सरळ वर ओढली की लाकूड फाटते, आधी थोडी डुलवायची. हे कुठल्याच व्हिडिओत नव्हते.

चारच्या सुमारास अंजना उठून आली. खुर्चीच्या कडेवरून अंगठा फिरवत सगळी चौकट पाहिली. एका जागी थांबली. "ही राहिली." मी ती काढली. तिने पुन्हा अंगठा फिरवला.

तेवढ्यात पन्हाळ्याच्या हॉटेलच्या मालकीणबाई, पूर्णिमाताई म्हणून, उरलेल्या उशा न्यायला आल्या. पाटावर बसलेला मी, अंगभर काथ्याचा भुगा. त्यांनी अंजनाला विचारले, "हे कोण? नवीन माणूस घेतला का?"

अंजनाने ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि मनगटावरच्या उशीत खोचल्या. जोतीराम पिना मारायचा थांबला. मीही थांबलो.

"नवीन आहेत," ती म्हणाली. "शिकताहेत. हात बरा आहे."

चौतीस वर्षांत माझे चौतीस गोपनीय अहवाल लिहिले गेले. एकोणीस वेळा 'अत्युत्कृष्ट' मिळाले, हे मला लिपिकाकडून कळले होते. पण लिहिण्याआधी त्या साहेबांपैकी कुणी माझ्या कामावरून असा अंगठा फिरवला होता, असे मला वाटत नाही.